येणारा राजी, बोलावणारा राजी

वामनराव पोतनीस घराला कुलूप लावून निघाले, की फाटकापर्यंत जाऊन परत येत आणि कुलूप ओढून बघत. रस्त्याला लागल्यावर पुन्हा थांबत. आता मागं फिरणं त्यांनाच बरं दिसत नसे, म्हणून मालतीकाकूंना विचारत, "ओढलं होतं ना मी?" काकू त्यांच्याकडे न बघता "ओढलंत" म्हणत आणि चालू लागत. देवासच्या कोर्टात या कुलपाची फार चेष्टा व्हायची. कारण हाच माणूस बाररूममध्ये पंख्याखालची खुर्ची धरून बसला, की जगातल्या कुठल्याही देशाला आपल्या सीमेवर माणूस अडवायचा हक्क नाही, असं तासन्‌तास सांगायचा.

तिवारी नावाचे एक वकील होते. त्यांनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "भिया, देश खुला रखो और घर पे इतना बड़ा ताला?" लोक हसले. वामनरावांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. चष्मा पुसायला घेतला की आम्ही समजायचो, आता समोरच्याची खैर नाही. ते म्हणाले, माझ्या घराला कुलूप मी लावतो, तुमच्या घराला लावत नाही. उद्या तुमच्याकडे पाहुणा आला, तर त्याला चौकात अडवून 'कशाला आलास, केव्हा जाणार, धर्म कोणता' हे मी विचारू का? तुम्ही विचारू द्याल का? घराचा दरवाजा घरवाल्याचा. गावाचा दरवाजा कुणाच्या बापाचा? हे सगळं हिंदीत चाललं होतं आणि शेवटी त्यांचं नेहमीचं वाक्य आलं, "आने वाला राज़ी, बुलाने वाला राज़ी, तो बीच में तीसरा कौन?"

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही. मराठी माणसासमोर ते 'येणारा राजी, बोलावणारा राजी' असं सुरू व्हायचं, आणि तिसऱ्याचं नाव काढताना वामनराव छताकडे बघायचे, जणू तो तिसरा पंख्याला लटकून बसलाय.

मी त्यांच्याकडे ज्युनिअर म्हणून लागले तेव्हा ते साठीच्या पुढे गेले होते. उंच, खांद्यात थोडे वाकलेले, आवाज खणखणीत. एका कानानं कमी ऐकू यायचं आणि नावडता प्रश्न आला, की ते नेमका तोच कान पुढे करायचे. माझं शिक्षण सगळं हिंदीतून झालेलं. आमच्या घरात मराठी बोलतात, वाचत कुणी नाही. वामनराव मात्र अजून 'मातुःश्री', 'यजमान', 'आपण यावे' असलं मराठी बोलायचे आणि त्यात मध्येच माळवी 'हव भिया', म्हणजे 'हो दादा', घालायचे. मला ते 'बाईसाहेब' म्हणत. चिडले तर 'अहो बाईसाहेब'. त्यापलीकडे त्यांनी कधी मला शब्द लावला नाही.

ते प्रेमळ होते असं मात्र मी म्हणणार नाही. भिकाऱ्याला ते काही देत नसत. पण कोर्टाच्या पायरीवरून शिपाई भिकाऱ्याला हाकलायला लागला, तर खाली उतरून शिपायाशी भांडत. त्याला बसू दे, ज्याला द्यायचंय तो देईल, तू मध्ये कोण, असं त्यांचं म्हणणं. सरकारी सवलत त्यांनी कधी घेतली नाही, आणि घेणाऱ्याला सोडलं नाही. एकदा एका तेराव्याच्या पंक्तीत त्यांनी रेशनच्या धान्यावरून असा वाद घातला, की ज्यांच्या घरचा माणूस गेला होता तेच उठून त्यांची समजूत घालायला लागले. सरकारनं फुकट काही देऊ नये, मलाही नाही आणि बाहेरून येणाऱ्यालाही नाही. मग तो आपलं खातोय ही तुमची तक्रारच उरत नाही, हा त्यांचा हिशेब. तो बरोबर होता की चूक, माहीत नाही. पंक्तीत सांगायचा नव्हता, एवढं खरं.

त्यांचे आजोबा धाकट्या पातीत सायरचे नाकेदार होते. बाहेरच्या वाचकासाठी सांगते. देवास हे एक गाव, पण संस्थानं दोन होती, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि बाजारातल्या रस्त्याची एक बाजू एकाची, दुसरी दुसऱ्याची. सायर म्हणजे जकात. वामनराव सांगायचे, की आजोबा गुळाच्या ढेपेनं रस्ता ओलांडला तरी हात पुढे करायचे. आज त्या रस्त्यावर उभं राहून कुठल्या बाजूला कुठलं राज्य होतं हे कुणाला सांगता येत नाही, मोबाइलची दुकानं दोन्हीकडे सारखीच आहेत. लोकांना वाटायचं, वामनराव आता आजोबांच्या राज्याबद्दल अभिमानानं बोलतील. ते म्हणायचे, "आमच्या घरचं शिक्षण त्या ढेपांवर झालं. म्हणून मला पक्कं ठाऊक आहे, नाका कुणासाठी असतो. नाकेदारासाठी."

त्यांना मानणारे लोक गावात पुष्कळ होते, पण प्रत्येक जण सोयीचा तुकडा मानायचा. सोनकच्छकडच्या एका व्यापाऱ्यानं शेतावर जाऊन थेट शेतकऱ्याकडून लसूण घेतला म्हणून त्याच्यावर खटला झाला होता. सरकारी मंडीबाहेर खरेदी केली, हा गुन्हा. वामनरावांनी तो खटला लढवला आणि जिंकला. विकणारा राजी, घेणारा राजी, असं तिथंही झालंच. त्या दिवशी व्यापाऱ्यांनी त्यांना हार घालून बाजारातून नेलं. त्याच व्यापाऱ्यांसमोर, हार गळ्यात असतानाच, ते म्हणाले की लसणाला जो न्याय तोच माणसाच्या हातांना. बांगलादेशातला माणूस देवासच्या कारखान्यात काम करायला राजी आणि मालक त्याला ठेवायला राजी, तर तो लसूण मंडीबाहेरच विकला जाणार. व्यापारी हसले. वकील लोक असं बोलतातच, असं त्यांना वाटलं असावं. तो आपल्या पोरांचं काम घेईल त्याचं काय, असं एकानं विचारलं. काम तुमच्या पोरांचं नाही, देणाऱ्याचं आहे, असं उत्तर आलं, आणि मिरवणूक पुढे सरकली.

मालतीकाकूंची गोष्ट मला काकूंनीच सांगितली, भेंडी चिरता चिरता. त्यांचा एकुलता एक मुलगा अभय अमेरिकेत आहे. त्याला मुलगी झाली तेव्हा दोघांनी व्हिसाचा अर्ज केला आणि मुलाखतीला मुंबईला गेले. खिडकीपलीकडच्या मुलीनं विचारलं, परत याल याचा पुरावा काय? काकू सांगणार होत्या, की बाई, माझं घर आहे, देव आहेत, ह्यांची वकिली आहे. वामनरावांनी त्यांना बोलू दिलं नाही. ते म्हणाले, मला माझ्या मुलानं बोलावलंय. राहीन ते त्याच्या घरात, खाईन ते त्याचं. परत केव्हा जायचं ते माझी सून ठरवील, आपण नव्हे. दोघांचेही अर्ज नाकारले गेले.

"बरोबरच बोलले हो," काकू म्हणाल्या. "पण बरोबर बोलायला मी लाडू बांधले नव्हते."

पुढे अभयनं पुन्हा अर्ज करायला सांगितलं. वामनरावांनी केला नाही, आणि काकूंना एकटीनं जायचं धैर्य झालं नाही. नात फोनवरच मोठी होत गेली. तिला मराठी येत नव्हतं आणि काकूंना इंग्रजी, म्हणून दोघी एकमेकींना वस्तू दाखवायच्या. काकू कढई दाखवायच्या, नात बाहुली दाखवायची. काकू वारल्या त्या वर्षी अभय दहा दिवस येऊन गेला. जाताना तो वडिलांना म्हणाला, की आमच्याकडे अमेरिकेत आता व्हिसाचं कडक करताहेत ते चांगलंच आहे, नुसती गर्दी झालीय. वामनरावांनी तो कमी ऐकू येणारा कान पुढे केला. नंतर बरेच दिवसांनी, फायली लावताना, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "तत्त्व माझं होतं बाईसाहेब, व्हिसा तिचा गेला." मग पुढची फाइल उचलली.

आता नंदलालची गोष्ट. कारण पुढचं सगळं तिथून सुरू होतं.

नंदलाल सिंधमधून आलेला. बायको आणि म्हातारी आई घेऊन तो व्हिसावर इकडे आला आणि परत गेला नाही. त्याचा थोरला भाऊ मोतीराम आधीपासून देवासला होता, वामनरावांचा अशील. नंदलालला मात्र धारला सासऱ्यांच्या ओळखीनं कापडाचं छोटं दुकान मिळालं, म्हणून त्यानं व्हिसाच्या अर्जात धार लिहिलं. मग धारच. पलीकडून आलेल्या माणसाचा व्हिसा देशाचा नसतो, गावाचा असतो, हे मला तेव्हा कळलं. धारमध्ये राहायचं, ठरल्या वेळी ठाण्यात हजेरी लावायची, आणि गाव सोडायचं तर परवानगी घ्यायची. धारहून इंदूर, इंदूरहून देवास, बसनं अर्ध्या दिवसाचा रस्ता. मोतीरामला झटका आला तेव्हा नंदलालनं परवानगी मागितली. ती हातात पडेपर्यंत भावाची राख थंड झाली होती.

वामनरावांनी नंदलालचं काम त्या दिवसापासून घेतलं. दर मंगळवारी धारची बस. नागरिकत्वाचा अर्ज, त्यातल्या त्रुटी, पुन्हा अर्ज, पुन्हा त्रुटी. कित्येक वर्षं हे चाललं. गावाचा पाठिंबा पूर्ण होता. आपला माणूस, धर्म वाचवून आलेला, असं लोक म्हणायचे. वामनरावांना मंदिरांतून बोलावणी यायला लागली. जो माणूस आयुष्यात देवळात फक्त चपला सांभाळायला बाहेर उभा राहिला, तो पहिल्या रांगेत बसायला लागला.

नंदलालला नागरिकत्वाचा कागद मिळाला तेव्हा धारमध्ये सत्कार झाला. हॉल भरला होता. नंदलालची आई व्यासपीठावर रडत बसली होती. वामनरावांना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. ते म्हणाले, की नंदलाल हिंदू आहे म्हणून मी लढलो नाही. त्याला त्याच्या भावानं बोलावलं होतं म्हणून लढलो. उद्या नंदलालच्या शेजारच्या दुकानदारानं कुणाला बोलावलं, मग तो कुणीही असो, तर मी तितकाच लढेन, आणि तुम्ही सगळे असेच हार घेऊन याल अशी आशा आहे. कुणीतरी माइक बंद केला. वामनरावांना ते कळलंच नाही. आवाज खणखणीत असल्यामुळे ते तसेच बोलत राहिले.

शेजारचा दुकानदार हे त्यांनी उगाच म्हटलं नव्हतं. नंदलालच्या दुकानाला लागूनच इक्बालचं दुकान होतं. तो पाणी उपसायच्या जळलेल्या मोटारी पुन्हा बांधून द्यायचा. नालछ्याकडचे शेतकरी विहिरीवरच्या मोटारी त्याच्याकडे आणायचे. इक्बालची बायको सलमा कराचीची, त्याच्या मामाची मुलगी. लग्न होऊन आली, मुलगी झाली, मरियम. सलमाचा व्हिसाही धारचा. ठाण्यात हजेरीच्या दिवशी नंदलाल, त्याची आई आणि सलमा एकाच बाकावर बसायचे. म्हातारी आणि सलमा सिंधीत बोलायच्या. कराचीतल्या कुठल्या गल्लीत कुठला हलवाई, असल्या गप्पा. म्हातारी धारमध्ये फक्त त्या बाकावरच हसते, असं नंदलालच एकदा मला म्हणाला होता.

मग एका उन्हाळ्यात दोन देशांमधलं वातावरण फार बिघडलं. तिकडच्या लोकांचे व्हिसे रद्द झाले, ठरल्या दिवसाच्या आत निघून जा असे हुकूम निघाले. काहींना सूट होती. सलमाचं नूतनीकरण अडकलेलं होतं, त्यामुळे ती त्या सवलतीत बसत नव्हती. इक्बाल मरियमला कडेवर घेऊन वामनरावांच्या घरी आला. मरियम तेव्हा नुकती चालायला लागली होती. तिचा जन्म धारचा, ती इथलीच नागरिक, म्हणून ती आईबरोबर जाऊ शकत नव्हती. आई राहू शकत नव्हती. वामनरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि वकीलपत्रावर सही घेतली.

बातमी देवासला पसरायला दुसऱ्या दिवसाची चहाची वेळ पुरली. बाररूममधल्या त्यांच्या खुर्चीवर दुसरंच कुणी बसलं. सोनकच्छच्या व्यापाऱ्यानं माणूस पाठवून आपल्या फायली परत नेल्या, निरोप मात्र गोड दिला. आमच्या मराठी मंडळात गणपतीतलं एक व्याख्यान दरवर्षी वामनरावांचं असायचं. अध्यक्ष घरी येऊन, दोनदा चहा घेऊन, शेवटी म्हणाले, की यंदा आपण विश्रांती घ्यावी. फाटकाशेजारच्या भिंतीवर कुणीतरी घाण लिहून गेलं. ती पुसायला मी ओला फडका घेतला, तर वामनराव म्हणाले, राहू द्या, भिंत माझी आहे, केव्हा पुसायची ते मी ठरवीन. ती पुसली नाही.

मदतीला एकटे तिवारी आले. तेच, कुलपावरून हसणारे. देश म्हणजे काही सराई नाही, असं त्यांनी वामनरावांना वर्षानुवर्षं ऐकवलं होतं, आणि वामनरावांनी त्यांना, की सराईला निदान एक मालक तरी असतो, तुम्ही यातल्या कुठल्या खोलीचे मालक ते सांगा. ते तिवारी स्वतःहून आले, इंदूरला हायकोर्टात अर्ज करायचा तो मसुदा लिहायला बसले आणि म्हणाले, "मैं आपसे रत्तीभर सहमत नहीं हूँ। पर बच्ची छोटी है।"

त्यावर वामनरावांनी काय करावं? ते भांडले. मला दया नको, म्हणाले. लहान मूल आहे म्हणून सोडा, हे मी मागणार नाही. मूल नसतं तरी हिला राहायचा हक्क होता, नवऱ्यानं बोलावलंय आणि तिला राहायचंय, एवढं पुरे. तिवारींनी शांतपणे विचारलं, न्यायाधीशासमोर हे बोलणार आहात का? बाई इकडे राहिली पाहिजे की तुमचं म्हणणं? वामनराव उठून आत गेले. मी आणि तिवारींनी मसुदा पुरा केला. त्यात मरियमचं वय होतं, ती अजून आईचं दूध पिते हे होतं. वामनरावांनी तो वाचला, एक शब्द बदलला नाही, आणि सही केली. सही करताना त्यांचा नमलेला चेहरा मी पाहिला. तो मुंबईला व्हिसाच्या खिडकीपुढे असा झाला असता, तर काकूंनी नात पाहिली असती, असं माझ्या मनात आलं.

अर्जाबरोबर शेजाऱ्याचं शपथपत्र हवं होतं. ही बाई इतकी वर्षं इथं राहते, वागणूक चांगली आहे, एवढंच. नंदलालपेक्षा चांगला साक्षीदार कोण? आम्ही दोघं धारला गेलो. नंदलालनं उठून नमस्कार केला, पाणी दिलं, पंखा आमच्याकडे वळवला. वामनरावांनी कागद पुढे ठेवला. त्यानं तो हातातही घेतला नाही.

"वकीलसाब, आपका एहसान मैं मरते दम तक नहीं भूलूँगा," तो म्हणाला. "पर मेरा कागज़ अभी नया है। पुराने कागज़ वाला चुप बैठे तो कोई नहीं पूछता। नये वाला चुप बैठे तो पूछते हैं।"

वामनराव म्हणाले, चूप बसायला नको, फक्त खरं लिहून दे. नंदलालनं मान खाली घातली. म्हणाला, ती बाई भली आहे, मला माहीत आहे, माझ्या आईला तर लेकीसारखी आहे. पण आम्ही तिकडून पळून आलो, ती लग्न करून आली, यात फरक आहे. काय फरक आहे, असं वामनरावांनी विचारलं. आत पडद्याआडून म्हातारीनं सिंधीत काहीतरी विचारलं. सलमा हे नाव तेवढं मला कळलं. नंदलाल तिच्यावर ओरडला. तो आईवर ओरडलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

संध्याकाळी आम्ही बसस्टँडकडे निघालो तर समोरून मोर्चा येत होता. सगळ्यांना बाहेर काढा, अशा घोषणा. पुढच्या रांगेत नंदलाल होता, हातात झेंडा. त्यानं आम्हाला पाहिलं आणि आवाज चढवला. वामनराव रस्त्याच्या कडेला उभे राहून मोर्चा पूर्ण जाईपर्यंत बघत होते. मला वाटलं, चष्मा काढतील. काढला नाही.

अर्जाच्या सुनावणीला जो दिवस मिळाला, तो निघून जायच्या दिवसाच्या नंतरचा होता. सलमाला सीमेवर नेण्यासाठी सकाळी पोलिसांची गाडी आली. वामनराव आदल्या संध्याकाळीच धारला जाऊन राहिले होते, मी पहिल्या बसनं पोचले. इक्बालच्या घरासमोर बरेच लोक होते, पण आवाज नव्हता. सलमानं मरियमला दूध पाजून सासूच्या हातात दिलं. मूल झोपलं होतं. तिनं मुद्दाम झोपवलं होतं. गाडीत बसायच्या आधी ती वामनरावांपुढे थांबली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, खरोखर विचारतेय असं वाटलं.

"वकीलसाब, आप तो कहते थे, बीच में तीसरा कोई होता ही नहीं।"

वामनराव दोन्ही हात मागे बांधून उभे राहिले. बरोबरच्या महिला पोलिसानं सलमाच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला आत बसवलं. ती पोलीसही रडत होती. कुणाचाच दोष दिसेना आणि गाडी निघून गेली. पुढे सुनावणीच्या दिवशी, अर्जदार आता देशात नाही, तेव्हा अर्जात काही उरलं नाही, असं म्हणून प्रकरण संपलं.

त्यानंतर वामनरावांनी कोर्टात जाणं कमी केलं. बाररूममध्ये गेले तरी वाद घालत नसत. कुणी मुद्दाम काडी टाकली, तर कमी ऐकू येणारा कान पुढे. तिवारींनी एकदा चिडवायचा खूप प्रयत्न केला आणि शेवटी स्वतःच डोळे पुसत बाहेर गेले. त्याच सुमाराला मी इंदूरला प्रॅक्टिस सुरू केली, त्यामुळे भेटी तुटल्या. मधूनमधून फोन व्हायचा. ते अजून मंगळवारी धारला जातात, एवढं कळायचं. आता काम कुठलं उरलंय, असं मी विचारलं की म्हणत, आहे थोडं.

शेवटचं मी त्यांना धारच्याच बसस्टँडवर पाहिलं. माझी तिथल्या कोर्टात तारीख होती, थंडीचे दिवस होते. रसवंतीच्या बंद दुकानाशेजारी ते बाकावर बसले होते. खूप वाळले होते. मी नमस्कार केला तर म्हणाले, बसा बाईसाहेब, बस यायला अवकाश आहे. मग कसलीही प्रस्तावना न करता त्यांनी सांगितलं, की इक्बालनं दुसरं लग्न केलं.

मी काही बोलायच्या आधीच ते म्हणाले, त्याला दोष देऊ नका. मूल लहान, त्याची आई थकलेली. तिसऱ्या देशात जाऊन भेटायचं म्हटलं तर तेवढी ऐपत नाही, आणि भेटून पुन्हा दोन दिशांना जायचं, ते दोघांनाही नको होतं. आणि सलमा? मी विचारलं. "तिनंच सांगितलं त्याला," ते म्हणाले. "फोनवर. मी तिथंच होतो."

त्यांच्या हातात एक पांढरा दोरा होता, जागोजागी गाठी मारलेला. मला वाटलं, कसला गंडा असेल, आणि या माणसाच्या हातात गंडा बघून नवल वाटलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ऐकू यावं म्हणून त्यांनी आवाज मोठा केला, त्यामुळे मलाही ऐकू आलं. सलमा होती. ती आता तिकडे शिवणकाम करते. मरियमसाठी तिला फ्रॉक शिवायचा होता. घरात नवी बायको आलेली, इक्बालकडे माप कसं मागणार? म्हणून सासूनं नातीच्या अंगाला दोरा लावून गाठी मारल्या होत्या आणि तो वामनरावांच्या हाती दिला होता.

वामनराव दोरा मांडीवर पसरून वितीनं मोजायला लागले. "ये कंधे से घुटने तक है," ते म्हणाले. "दो बित्ते, और तीन उँगली ऊपर।" मग छातीची गाठ शोधली. ती सापडेना, तेव्हा मी दाखवली. मध्येच ते तिला म्हणाले, की डाक तर दोन्हीकडून बंद आहे, शिवून पाठवणार कशी? ती म्हणाली, शिवून ठेवते. पाठवायची सोय होईपर्यंत मरियम मोठी झाली, तर पुढचं माप घ्या, पुढचा शिवीन.

इंदूरची बस फलाटाला लागली. कंडक्टर ओरडायला लागला, लोक पुढे धावले. वामनराव उठले नाहीत. फोनमधून सलमानं विचारलं, "पर वकीलसाब, आपका बित्ता कितना बड़ा होता है?"

त्यांनी पंजा फाकवून डोळ्यांसमोर धरला. वकिलांचा असतो तसाच हात होता, शाई लागलेला. ते त्याच्याकडे बघत राहिले. मग तोच पंजा त्यांनी पुन्हा दोऱ्यावर ठेवला, आणि फोनवर ती वाट बघत होती.